दिवाळीच्या तेलाची शिशी

बपेऱ्यात तेलावरून भांडण झालं की लोक तालुक्याला जात नसत, शकुनबाईकडे जात. तिच्या परसात बैलाची घाणी होती आणि चेहऱ्यावर एक नाक होतं, या दोन गोष्टींवर तिचा सगळा दरारा उभा होता. तेलाचा थेंब ती अंगठ्याच्या नखावर घ्यायची, बोटाने चोळायची, नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायची. हे जवस जुनं आहे. या तिळात करडई घुसली आहे. ही टोरी ओलीच घाणीत घातली. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल दिव्याला आणि साबणाला चालायचं, आणि ओढगस्तीच्या घरात तळणालाही. नवरा वारल्यापासून बारा वर्षं शकुनबाईने घाणी एकटीने हाकली होती, आणि या बारा वर्षांत तिचा निकाल एकदाही चुकला नव्हता. निदान तिचा तसा समज होता आणि तो मोडायला कुणी धजलं नव्हतं.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीत गावच्या कंट्रोलमध्ये पहिल्यांदा सरकारी तेल आलं. रेशनच्या दुकानाला इकडे कंट्रोलच म्हणतात, आणि ते चालवायचा शकुनबाईचा शेजारी भोजराज. तेल पिवळंधमक, पातळ, त्याला वास नाही की चव नाही. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग त्यातच करंज्या तळल्या, आणि मग पुढचा पिपा कधी येणार म्हणून भोजराजच्या मागे लागले. पुढचा पिपा आला पौषात, आणि नेमका अशा आठवड्यात की सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि कुत्री चुलीच्या राखेतून उठायला तयार नव्हती.

सोमवारी सकाळी भोजराजने दुकान उघडलं तेव्हा बाहेर तीस-चाळीस बायामाणसं शिशा आणि डबे घेऊन कुडकुडत उभी होती. त्याने पिप्याचं झाकण काढलं, हातपंप आत घातला, दांडा ओढला. पंप नुसता खरखरला. वाकून पाहतो तर आत तेल नाहीच. पांढुरका, दाणेदार लगदा. भोजराज सरळ माणूस. सरळ माणूस गोंधळला की जाणत्याला हाक मारतो, तशी त्याने मारली.

"शकुनबाई, या जराशा इकडे. पाहा बरं हे काय होऊन राहिलं."

शकुनबाई पदर खोचून आली. रांगेने तिला वाट करून दिली, आणि ती वाट तिला आवडली, हे कबूल केलं पाहिजे. आता एक गोष्ट अशी होती की जी त्या रांगेत कुणालाच ठाऊक नव्हती. तीन दिवसांपासून शकुनबाईला सर्दी होती. नाक असं चोंदलं होतं की आदल्या दिवशी चुलीवर डाळ करपली ती तिला धूर दिसल्यावर कळली. "आज नाही, उद्या सांगते," एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चाळीस माणसं तोंडाकडे पाहत असताना उद्याचा वायदा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने लगदा नखावर घेतला, चोळला आणि नुसता देखावा म्हणून नाकाशी नेला.

"टोरीवानी गोठलं," ती म्हणाली.

"वानी म्हणजे काय? टोरीच हाय का?" मागून टेकचंदने विचारलं. टेकचंदचं बस थांब्याजवळ किराणा दुकान होतं. माणूस खोटा नव्हता. हट्टी होता, आणि एकदा डोक्यात घेतलेली गोष्ट तो सहजी खाली ठेवत नसे.

इथे तरी तिने थांबायचं होतं. पण तिला वाटलं, हा आपल्या शब्दावर शंका घेतो आहे.

"मंग दुसरं कोनतं तेल गोठते गा? जवस गोठते का? तीळ गोठते?"

झालं. रांगेतल्या चाळीस तोंडांनी ते वाक्य चाळीस घरी नेलं, आणि दुपारपर्यंत त्याची पूर्ण गोष्ट तयार झाली. दिवाळीचं तेल पातळ होतं, हे गोठलं. म्हणजे तेल बदललं. गोठतं ते टोरीचं. म्हणजे भोजराजने असली तेल नदीपार मध्य प्रदेशात विकलं आणि पिप्यात टोरीचं भरलं. आंबागडच्या जंगलात टोरीला काय तोटा आहे! आणि सांगणारी कोण, तर शकुनबाई. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते.

टेकचंदने अर्ज लिहिला. तालुक्याहून निरोप आला की पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी पहिल्या बसने पुरवठा निरीक्षक येतील. तोपर्यंत कंट्रोलला कुलूप. अर्जाखाली साक्षीदार म्हणून शकुनबाईचा अंगठा हवा होता, आणि तो मिळाला की भोजराजचं दुकान जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दुकानाचं एक वेळ सोडा. ज्या गावात बापजाद्यांपासून मान ताठ ठेवून वावरला, त्या गावात चोर म्हणून जगायचं होतं.

टेकचंदकडे आणखी एक पुरावा होता. त्याच्या घरी दिवाळीच्या तेलाची एक शिशी शिल्लक राहिली होती. लोकरी कोटाच्या आतल्या खिशातून तो ती काढायचा आणि घरोघर दाखवायचा. "हे पाहा असली. पौष लागला, पर थेंब गोठला नाही." तेल खरंच सोन्यासारखं नितळ होतं. दाखवून झालं की शिशी परत खिशात, आणि घरी गेल्यावर चुलीमागच्या कोनाड्यात.

शकुनबाईने अंगठा द्यायला चालढकल केली. का, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. सर्दी उतरली तशी तिने एका शेजारणीने पहिल्याच दिवशी नेलेल्या कंट्रोलच्या लगद्यातला चमचाभर मागून आणला आणि हुंगला. टोरीच्या तेलाला एक कडवट, जंगली वास असतो. तो हातालाही दोन दिवस चिकटून राहतो. या लगद्याला कसलाच वास नव्हता. तिने पुन्हा हुंगला. तरीही नाही. तिने ते टेकचंदला सांगून पाहिलं, तर त्याच्याजवळ उत्तर तयार होतं. "शहरात मशीन असते, त्यात वास काढून टाकतेत. तुमी गोठलेलं पाह्यलं ना? मंग झालं."

त्याच दिवशी विहिरीवर चंद्रकांता भेटली, भोजराजची बायको. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या; आजवर एकीच्या घरी कढी झाली की वाटीभर दुसरीकडे जायची. चंद्रकांताने बादली खाली ठेवली आणि अगदी हळू विचारलं.

"शकुन, तुले एकच इचारतो. त्या दिवशी तुले वास आल्ता का टोरीचा?"

"हव," शकुनबाई म्हणाली.

चंद्रकांताने मान हलवली, बादली उचलली आणि निघून गेली. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या एका होकाराची शकुनबाईला अशी लाज वाटली की भरलेली घागर विहिरीवरच विसरून ती घरी आली.

घराची पुढची खोली तिने शाळेतल्या उषाबाईंना भाड्याने दिली होती. उषाबाई साकोलीच्या, वय पंचविशीचं, हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. शकुनबाई घरात शिरली तेव्हा त्या वेणी घालायच्या तयारीत स्टोव्हजवळ बसल्या होत्या आणि हातातली खोबरेल तेलाची शिशी आचेवर धरून फिरवत होत्या. शिशीत पांढरं घट्ट काहीतरी होतं.

"हे काय करून राहिल्या बाई?"

"खोबरेल गोठलं मावशी. वितळवते जराशी."

शकुनबाई उंबऱ्यातच उभी राहिली. खोबरेल! थंडीत खोबरेल गोठतं हे तिला काय माहीत नव्हतं? जन्मभर पाहिलं होतं. पण खोबरेल डोक्याला लावायचं, ते तिच्या हिशेबी तेलात नव्हतंच. तूप गोठतं, डालडा गोठतो, ते तुपात. तेल म्हणजे घाणीतून निघतं आणि कढईत पडतं ते, आणि त्यात गोठणारं फक्त टोरीचं. "दुसरं कोनतं तेल गोठते" असं चाळीस लोकांपुढे विचारताना आपल्या घरातल्या फळीवर उत्तर ठेवलेलं होतं, आणि आपल्याला ते दिसलं नाही.

"बाई," ती मटकन खाली बसत म्हणाली, "हे गोठते, अन् जवस नाही गोठत. असं काहून?"

उषाबाईंनी शिशी खाली ठेवली. वर्गात हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी पाटी घेतली.

"मावशी, कोणतंही तेल घ्या. ते बारीक-बारीक कणांचं बनलेलं असते. डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. त्यांना रेणू म्हणतात. हे रेणू एकमेकांना ओढतात, धरून ठेवायला पाहतात. अन् उष्णता त्यांना हलवते, धरू देत नाही. गरमी जास्त, तोवर ते एकमेकांवरून घसरत राहतात, म्हणून तेल पातळ. थंडी वाढली की हालचाल कमी होते, अन् मग धरणं जिंकते. त्यालाच आपण गोठणं म्हणतो."

"मंग जवसाचे कायले धरत नाही एकमेकाले? त्याईचं काय भांडन हाय?"

उषाबाई हसल्या. पाटीवर त्यांनी खाली-खाली सरळ रेघा ओढल्या, आणि शेजारी मधेच मोडलेल्या वाकड्या. "भांडण नाही. हे खोबरेलाचे, टोरीचे. यांच्यात सरळ दोऱ्या जास्त. अन् हे जवसाचे, जागोजागी वाकलेले."

शकुनबाई बराच वेळ पाटी पाहत राहिली. मग उठली, परसात गेली आणि तिथूनच ओरडली, "बाई, इकडे या!"

परसात सरपणाचे दोन ढीग होते. एक बांबूंचा, अंगाला अंग लावून रचलेला, इतका घट्ट की मधला एक बांबू ओढून काढायचा तर जोर करावा लागे. दुसरा बोरी-बाभळीच्या वाकड्यातिकड्या फांद्यांचा. त्याला हात लावला तरी तो घसरायचा.

"असं?" शकुनबाईने विचारलं. "सरळ असले तं टेकून बसतेत, अन् जितके जवळ तितकी पकड. वाकडे असले तं मधात जागा सुटते, पकड नाही लागत. त्याईले बसवाले मंग लय थंडी पायजे?"

"अगदी असंच," उषाबाई म्हणाल्या, आणि आपण चार वर्षं फळ्यावर जे लिहितो ते या बाईने सरपणात दाखवलं, याचं त्यांना नवल वाटलं. "अन् नुसतं सरळ असून भागत नाही, लांबीही पाहावी लागते. जितकं लांब तितकं टेकायला अंग जास्त. घासलेटचे रेणू आखूड, पकड ढिली, म्हणून ते आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही."

"अन् पानी? पानी तं त्याहून पातळ. मंग त्याचा बरफ कसा होते?"

"पाण्याचे रेणू इवलेसे, पण ते एकमेकांचा हात धरतात. नुसतं टेकत नाहीत. एवढासा जीव, पण पकड पक्की."

शकुनबाईने पाण्याचं हे मनात नीट ठेवून दिलं. आता ती वेगळ्याच कामाला लागली होती. "तुमच्या शाळेत ती काचेची कांडी हाय ना, थंडी मोजाची? आनता का उद्या?"

दुसऱ्या दिवसापासून परसातल्या भिंतीवर संध्याकाळी वाट्यांची रांग लागायला लागली. एकीत टोरीचं तेल, एकीत जवस, एकीत तीळ, एकीत खोबरेल, आणि एकीत कंट्रोलचा लगदा, चुलीवर वितळवून पातळ केलेला. शेजारी दोऱ्याला टांगलेला शाळेचा थर्मामीटर. दिवेलागणीलाच टोरी आणि खोबरेल धुरकट व्हायची. उजाडताना शकुनबाई घोंगडी पांघरून बाहेर यायची आणि उषाबाईंना उठवून आकडा वाचून घ्यायची. आठ. नऊ. पुन्हा आठ. जवस आणि तीळ जसेच्या तसे, टोरी दगड, आणि कंट्रोलचं तेल पहाटेच कधीतरी दाटायचं, उजाडेपर्यंत पांढुरकं व्हायचं. ऊन आलं की सर्वांत आधी तेच वितळायचं, आणि टोरी त्यानंतर कितीतरी वेळ तशीच बसलेली असायची. टोरी आणि हे तेल एकच असतं तर दोन्ही एकाच वेळी गोठली असती, एकाच वेळी वितळली असती. हे काहीतरी मधलं होतं. पिप्यावरची इंग्रजी अक्षरं उषाबाईंनी कुलूप लागायच्या आधीच वाचली होती: पामोलिन, ताडाच्या जातीच्या कुठल्याशा परदेशी झाडाचं तेल.

शकुनबाईला आनंद झाला आणि त्या आनंदात ती पुढची वाटी भरून बसली. टेकचंदच्या जागी आपण असतो तर काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, मिसळलं. म्हणून तिने एका वाटीत अर्धी टोरी आणि अर्धं जवस ओतलं. सकाळी पाहते तर तीही वाटी कंट्रोलच्या तेलासारखीच पांढुरकी, घट्ट.

"असंच होणार," उषाबाई म्हणाल्या. "सरळांच्या मधे वाकडे घुसले की त्यांना जवळ येता येत नाही. गोठायला थंडी जास्त लागते. मिसळ मधेच कुठेतरी गोठते."

म्हणजे इतक्या दिवसांच्या वाट्या फुकट. या वाटीवरून भोजराज चोर ठरत नव्हता, पण सुटतही नव्हता. शकुनबाईने ती वाटी कट्ट्यावर आपटली. जवसाचा वास लपत नाही हे तिला कळत होतं, पण वासाचं नाव काढलं की मशीन पुढे येणार होतं. लोकांनी डोळ्यांनी गोठलेलं पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं पुसायला डोळ्यांनीच पाहावं लागणार होतं.

बुधवारी दुपारी टेकचंद अर्ज आणि शाईची डबी घेऊन आला. "उद्या साहेब येते शकुनबाई. आता काही बहाना नाही." आणि तिचा हात अजून पुढे येत नाही असं पाहून त्याने कोटाच्या आतल्या खिशातली ती शिशी काढून तिच्या हातात दिली. "पाहा, तुमीच पाहा. हे असली."

शकुनबाईने शिशी हातात घेतली. नितळ, पिवळी. आणि उबदार. ताज्या भाकरीसारखी नव्हे, पण माणसाच्या अंगाइतकी उबदार. तिने शिशी गालाला लावून पाहिली. टेकचंदला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

"हे घरी कुठं ठेवता गा तुमी?"

"चुलीमागं, कोनाड्यात. काहून?"

"अन् बाहेर नेता तवा कोटात."

"मंग? हातात घेऊन फिरू का थंडीत?"

शकुनबाई हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. "अंगठा देतो. उद्या सकाळी, साहेबासमोर देतो. पर एक काम करा. आज सांजीले ही शिशी तुमच्याच हातानं तुमच्या अंगनात ठेवा, उघड्यावर. कोनाले हात लावू देऊ नका, मलेही नाही. तुमचंच अंगन, तुमचंच फाटक, तुमचंच कुलूप. बाजूले मी दोन शिशा देतो, एक टोरीची, एक कंट्रोलच्या पिप्यातली. असली नाही गोठली तं मी दोनी हाताचे अंगठे देतो."

टेकचंदने शिशी परत घ्यायला हात पुढे केला. पण असली तेल गोठत नाही हे तो इतक्या घरी सांगून आला होता की आता मागे हटणं शक्य नव्हतं. तिन्ही शिशा त्याने तिच्यासमोर अंगणातल्या तुळशीजवळ मांडल्या आणि फाटकाला कुलूप घातलं.

गुरुवारी उजाडताना निम्मं गाव टेकचंदच्या फाटकाशी जमलं होतं. भोजराजही आला होता, सर्वांच्या मागे, कानाला मफलर गुंडाळून, कुणाकडे न पाहता. टेकचंदने कुलूप काढलं आणि तुळशीपाशी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून लोकही आत शिरले.

तिन्ही शिशा पांढऱ्या होत्या. टोरीची पांढरी, पिप्यातली पांढरी, आणि मधोमध दिवाळीच्या असली तेलाची शिशी, तितकीच पांढरी. टेकचंदने ती उचलून उलटी केली. थेंब हलला नाही.

"तेल तेच हाय," शकुनबाई म्हणाली. "दिवाळीत थंडी नव्हती, म्हनून पातळ होतं. तुमच्या चुलीनं अन् कोटानं त्याले गोठू देल्लं नाही." मग तिला वाटलं आता थांबावं, एवढ्यावर भागेल. पण मागे मफलर गुंडाळलेला तो माणूस उभा होता, आणि त्याच्याजवळ चंद्रकांता. "अन् आखीन एक आयका. त्या दिवशी मले सर्दी होती. नाक बंद होतं माझं. मले वास आला नव्हता, अन् मी आल्याचं सोंग केलं. चंद्रकांताले इहिरीवर खोटं बोलली मी. भोजराजभाऊ, चूक माझी हाय."

बारा वर्षांचा दरारा असा एका दमात उतरवून ठेवल्यावर तिला फार हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसती थंडी वाजत राहिली. भोजराजने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर फिरवली.

आता साहेब यायचे होते. सात वाजता येणारी बस आठला आली नाही, नऊला आली नाही. ऊन अंगणात उतरलं, तुळशीवर आलं, शिशांवर आलं. लोक असहाय होऊन पाहत राहिले: आधी कडा ओल्या झाल्या, मग दाणे तळाशी बसले, मग टोरीची सोडून बाकी दोन्ही शिशा नितळ पिवळ्या. सावलीत न्यायचं कुणालाच सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा उशीर झाला होता. साडेदहाला निरीक्षक बसमधून उतरले आणि घाम पुसत अंगणात आले.

"कुठे आहे ते गोठलेलं तेल?"

टोरीची शिशी तेवढी अजून पांढरी होती. बाकी दोन्हींतून पलीकडची तुळस दिसत होती. साहेबांनी भुवया चढवल्या आणि अर्जाची घडी उलगडली. "अर्जदार कोण?"

टेकचंद पुढे आला. आता तो काहीही म्हणू शकत होता. गोठलेलं पाहिलेली माणसं साहेबांसाठी नुसतीच गर्दी होती. शकुनबाईचा जीव टांगणीला लागला. हा हट्टी माणूस आता काय करतो?

"मीच अर्जदार साहेब," टेकचंद म्हणाला. "दिवाळीचं तेलही गोठलं होतं. माझ्या अंगनात, माझ्या कुलपात. मी डोळ्यानं पाह्यलं. तेल एकच हाय. अर्ज मी वापस घेऊन राहिलो." आणि मग खाली पाहत, "टोरी पाहा, अजून गोठूनच हाय. ती ह्याच्यात असती तं हे बी असं झटक्यानं सुटलं नसतं."

साहेबांनी तिन्ही शिशा हातात घेऊन पाहिल्या, पिप्याचं शिक्का असलेलं झाकण पाहिलं, शेरा मारला आणि परतीच्या बसची चौकशी केली. कंट्रोलचं कुलूप दुपारी निघालं. भोजराजने माप घातलं, रांग संपवली, पण शकुनबाईची शिशी भरताना तो एक शब्द बोलला नाही. पुढेही बोलला नाही. चंद्रकांता संक्रांतीला तिळगूळ देऊन गेली. भोजराज मात्र नुसती मान हलवून पुढे निघायचा. शकुनबाईने त्याला दोष दिला नाही. तेल सुटायला त्याला लागेल तितकी ऊब लागते, आणि ती घाईने देता येत नाही, एवढं आता तिला कळत होतं.

पुढच्या पौषात कंट्रोलमध्ये तिसऱ्याच तऱ्हेचं तेल आलं. पिप्यावर वेगळी अक्षरं, रंग वेगळा. रांग लागली. भोजराजने झाकण खोलण्यासाठी हातोडी उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. मग वर्षभरात पहिल्यांदा त्याने हाक मारली.

"शकुनबाई, या जराशा इकडे. पाहून सांगा."

रांगेने वाट करून दिली. शकुनबाई पुढे आली. चाळीस तोंडं तिच्याकडे पाहत होती. तिने पिप्याकडे पाहिलं, भोजराजकडे पाहिलं, आणि पदराने नाक पुसलं.

"आज नाही भाऊ," ती सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आज मले सर्दी हाय."

भोजराजने हातोडी खाली ठेवली.

"मंग उद्या या," तो म्हणाला. "तवरीक खोलत नाही मी."